शेवंतीच्या डोळ्याखालचा भोवरा

बजाबाईच्या घोडीला गिऱ्हाईक येत नव्हतं, असं कुणी म्हणू नये. गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. घेणारा तेवढा नव्हता.

होळीला सून पूनम सोलापुरातून गावी आली होती. तिनं घोडीचे चार फोटो काढले आणि जनावरांच्या खरेदी-विक्रीच्या कुठल्याशा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं, ‘घोडी विकणे आहे. नाव शेवंती. वय आठ. स्वभावानं गरीब. सांगोल्यापासून बारा किलोमीटर.’ आणि नंबर दिला बजाबाईचा. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन जो वाजायला लागला तो थांबेचना.

“लास्ट किती?”

“कशाचं लास्ट?”

“घोडीचं.”

“आरं, आदी पैलं तर इचार की! डायरेक लास्टच?”

पलीकडे फोन बंद. नमस्कार नाही, चमत्कार नाही, कुठून बोलतोय ते नाही. एकाला जुनी मोटारसायकल आणि दोन शेळ्या देऊन बदली हवी होती. एकानं व्हिडिओ कॉल करून बजाबाईला घोडीचा जबडा उघडायला लावला, खालचे दात मोजले, वरचे मोजले, आणि मग म्हणाला, “घ्यायची न्हाई हो मावशी, आमची आपसात वयावर पैज लागली हुती.” बजाबाई तशीच घोडीचा ओठ धरून उभी. तिनं मग फोनला ज्या शिव्या दिल्या त्या पूनमनं दोन्ही कान झाकून ऐकल्या.

जे प्रत्यक्ष आले त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. सांगोल्याचं एक जोडपं फोटोग्राफर घेऊन आलं. “अर्धा तास बसू द्या, पटली तर घेऊ.” लग्न पुढच्या महिन्यात. नवरी वर चढायला घाबरत होती, नवरा उतरायला. त्यांच्या अर्ध्या तासाचे दोन तास झाले, आणि गेल्यावर दारात झेंडूच्या पाकळ्या आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या राहिल्या. सोलापुरातला एक बँडवाला आला. घोडीभोवती फिरला, नाचून दाखवते का विचारलं, मग सुस्कारा टाकून म्हणाला, “पांढरी पाहिजे होती.”

“फोटूत काय पांढरी दिसली व्हती का?”

“नाही, पण म्हटलं बघावं.”

“बघावं म्हंजे? मी हितं घोडी इकाया बसलीया का शिनिमा दावाया?”

शेवंती पिवळसर तांबूस रंगाची, कपाळावर बोटभर पांढरा टिळा. चालीला मऊ. ओझं घेऊन दिवसाला वीस किलोमीटर सहज. पण आता ओझं कुणाकडे आहे? तीच तर गोम होती.

बजाबाई आणि तिचा नवरा जोतीराम हे मेंढपाळ. वर्षाचे आठ महिने पायाखाली रस्ता. मेंढरं पुढं, कुत्री बाजूला आणि सगळं बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर: वाकळा, तवा, पाण्याचा हंडा, खुराड्यातल्या कोंबड्या, चालता न येणारी कोकरं आणि चालता न येणारी पोरं. मुलगा कुमार अशाच एका मुक्कामात शेताच्या बांधावर जन्मला आणि पाचव्या दिवशी शेवंतीच्या आजीच्या पाठीवरून पुढच्या गावाला गेला. एका बाजूच्या पाटीत तो, दुसऱ्या बाजूला तोल धरायला दोन कोकरं. आज तो कुमार सोलापुरात सूतगिरणीत पाळीवर जातो. खोली घेतलीय. पूनमला पाचवा महिना.

जोतीराम गेला त्याला तीन वर्षं झाली. पुढच्या वर्षी मेंढरं विकली, कारण डाळिंबाच्या बागांना चहूकडून तारा आल्या आणि चारायला बांधसुद्धा उरला नाही. मेंढरं खाटकाकडेच गेली. बजाबाईनं त्यावर टिपूस गाळलं नाही. मेंढरू वाढवायचं ते कशासाठी, हे ज्याला ठाऊक नाही त्यानं लोकर सुद्धा पांघरू नये. पण घोडं वेगळं. घोडं म्हणजे खंडोबाची बैठक. जोतीराम म्हणायचा, “मेंढरू इकावं, घोडं सोपवावं.” आणि सोपवायची रीत ठरलेली. घेणाऱ्यानं नवं दावं आणायचं. विकणारीनं आपलं जुनं दावं सोडायचं, घोडीचं तोंड पदरानं पुसायचं, मूठभर ज्वारी चारायची आणि मग नवं दावं बांधू द्यायचं. जुनं दावं घरात राहतं. जनावर तुमचं, दावं आमचं. दावं बदललं नाही तर व्यवहार झालाच नाही, मग नोटा कितीही मोजा.

सोपवायचीच होती, पण घाई होती. संक्रांतीला बजाबाई बांधावरून घसरली आणि उजवा पाय जो धरला तो धरलाच. काठी आली. त्यात टँकर सुरू झाला. आठवड्यातनं दोनदा, घरटी दोन पिंपं. घोडी उन्हाळ्यात दिवसाला दोन बादल्या पिते. टँकरपाशी शेजारची तानाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मानसाच्या नरड्याला थेंब न्हाय आन् ह्यांची घोडी बादल्या रिचवतीया.” बजाबाई आपली बादली उचलून काठी टेकत घराकडं वळली.

कुमारनं फोनवर सांगून टाकलं, “आये, चैत संपायच्या आत मी तुला न्यायला येनार. घराला कुलूप लावता येतं, घोडीला न्हाय. गिऱ्हाईक बघ.”

गिऱ्हाईक बघ! जणू गिऱ्हाईक झाडाला लागतं.

मग अकलूजकडचे एक ऊसवाले आले. हे मात्र खरं गिऱ्हाईक वाटलं. मोठी गाडी, शेतकीची पदवी, बोलण्यात सांभाळून. बारा वर्षांची मुलगी उत्कर्षा, तिला घोडा हवा होता. पोर गाडीतून उतरली ती थेट शेवंतीपाशी गेली, भीती नाही, किंचाळणं नाही. शेवंतीनंही मान खाली घालून तिचा हात हुंगला. हे घर, बजाबाईनं मनात धरलं.

पण ऊसवाल्यांनी बरोबर जाणकार आणला होता. दुधनीचा तिप्पण्णा, घोड्यांचा दलाल. साठीचा, पान खाऊन ओठ काळे, मराठी बोलता बोलता मध्येच कानडी. तिप्पण्णानं घोडीला हातानं वाचावं तसं वाचलं. खूर उचलून पाहिले, गुडघे दाबले, गळ्याखालून बोट फिरवलं, आणि मग डाव्या डोळ्याखाली थांबला. केस बाजूला सारले. पुन्हा सारले.

“इल्ला, साहेब, इल्ला,” तो नकारार्थी मान हलवत म्हणाला. “आसूढाळ हाय.”

“म्हणजे?” ऊसवाल्यांनी विचारलं.

“डोळ्यातलं पाणी जिथनं खाली येतं, तिथं केसांचा भोवरा. असलं घोडं मालकाला रडवतं.”

बजाबाई म्हणाली, “भोवरा हाय. मी न्हाय म्हनले का? जलमल्या दिशीच आमच्या मालकानं बगितला हुता. म्हनले, बगू कोन रडतंय ते.”

“मालक कुठं असतात?” तिप्पण्णानं विचारलं.

“वारले.”

तिप्पण्णानं नुसतं ऊसवाल्यांकडं पाहिलं. तेवढं पुरलं. शेतकीची पदवी घेतलेला तो माणूस, जमिनीचे नमुने प्रयोगशाळेत धाडणारा, केसाच्या एका वेटोळ्याला बघून दोन पावलं मागं सरला. पोरगी रडायला लागली. तिला गाडीत बसवताना तो म्हणत होता, “बेटा, दुसरा बघू, याच्यापेक्षा छान बघू.” म्हणजे घोडीनं अजून दावणही बदलली नव्हती आणि एक जण रडलाच होता. पण हे त्याच्या लक्षात कुठून यावं!

तिसऱ्या दिवशी तिप्पण्णा एकटाच आला. खांद्यावर सुताचं नवं कोरं दावं.

“मी घेतो अक्का,” तो म्हणाला आणि मागितल्याच्या तिसऱ्या हिश्शाचा भाव सांगितला.

बजाबाई काठी टेकत उठली. “परवा रडवनारी घोडी आज तुला चालती व्हय? तुज्या डोळ्यातलं पानी आटलं का?”

“माझ्याकडं ऱ्हाणार कुठं? पुढं जाईल.” मग जरा वाकून, जनावराला ऐकू जाऊ नये असं, “तापली सुई घ्यायची. भोवऱ्यावर एक डाग द्यायचा. जखम भरली की केस येत न्हाई. लोकं म्हणतात, डोळा आला होता, डागलंय. कोण विचारत न्हाई.”

“माज्या घोडीला डाग देनार? आन् खोटं बोलून इकनार?”

“खरं बोलून बगितलं की तुमी,” तिप्पण्णा म्हणाला. “किती जण आले?”

बजाबाईनं काठी उचलली. तिप्पण्णा हसतच मागं झाला, पण दारातल्या दगडाखाली आपला नंबर लिहिलेला कागद ठेवून गेला. “घोडीवाला कुणी मिळेल अक्का,” तो जाता जाता म्हणाला. “भोवरा बगणारा मिळेल. न बगणारा मिळाला तर मात्र मला सांगा. त्याला मला बगायचंय.”

ही थट्टा आहे असं बजाबाईला वाटलं. खांद्यावरचं ते दावं बघूनच तिचं डोकं फिरलं होतं. नव्या दाव्यासकट आला मेला, जणू मी हो म्हणणारच!

चैत्र निम्मा सरला. आणि मग इंद्रजीत नावाचा तरुण आला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, शब्दाशब्दाला मावशी. त्यानं जबडा उघडला नाही. खूर उचलले नाहीत. नाचून दाखवा म्हणाला नाही. भोवऱ्याचं बजाबाईनं आपणहून सांगितलं, तर हात झटकून म्हणाला, “असू द्या हो मावशी, आपण काय असलं मानत नाही.”

बजाबाईला वाटलं, शेवटी एक शहाणा भेटला.

“वजन किती भरेल?” त्यानं विचारलं.

“तीनशे किलोच्या खाली न्हाय,” बजाबाई अभिमानानं म्हणाली. “दुस्काळातबी पोटाला कमी पडू दिलं न्हाय म्या.”

“दिसतंयच की.” त्यानं घोडीच्या पाठीवरून, मग मांडीवरून तळवा फिरवला. भावाला घासाघीस नाही, बाजारातल्यासारखं रुमालाखाली बोटं दाबणं नाही. मागितलं ते कबूल. इसार हातावर ठेवला आणि रविवारी टेम्पो आणतो म्हणाला.

त्या संध्याकाळी बजाबाई तानाबाईच्या ओट्यावर जाऊन बसली. “एक खोट काडली न्हाय बग त्यानं,” ती म्हणाली. “एक! चाळीस मानसं यिऊन गेली. हा पैला मानूस.”

तानाबाईनं तंबाखू मळता मळता विचारलं, “कशाला घेतुया?”

“घोडी मानूस कशाला घेतो?” बजाबाई म्हणाली. आणि खरं सांगायचं तर तिनं हे विचारलंच नव्हतं. महिनाभर खोट काढणाऱ्यांनी तिला इतकं पिडलं होतं की खोट न काढणारा तिला देवमाणूस वाटला. आयुष्यभर जनावरं विकलेली बाई. मेंढरू घ्यायला येणारा खाटीक काय विचारतो, हे तिला पाठ होतं. तो दात बघत नाही, रंग बघत नाही. वजन विचारतो. पण हाच प्रश्न घोडीबद्दल कुणी विचारील, हे तिच्या डोक्याच्या हद्दीतच नव्हतं.

रविवारी कुमार सकाळीच आला. भांडी पोत्यात भरली, वाकळा बांधल्या. दुपारी टेम्पो लागला. बजाबाईनं ज्वारीची मूठ पदरात घेतली, घोडीचं तोंड पुसलं आणि हात पुढं केला.

“दावं द्या.”

“कसलं दावं?” इंद्रजीत म्हणाला.

“नवं दावं. आनलं न्हाय?”

“ते हायेच की गळ्यात. चालतंय तेवढं.”

“हे आमचं. हे ऱ्हातं. तुमचं बांदा.”

टेम्पोचा ड्रायव्हर फळी खाली पाडत हसला. “दावं कशाला आजी? तिला कुटं खुट्ट्याला बांदायचीय. उद्या सकाळपातूर तर काम.”

इंद्रजीतनं ड्रायव्हरकडं असं पाहिलं की त्याचं हसू तिथंच विरलं. पण बजाबाईनं ते पाहणं पाहिलं. तिच्या पदरातली ज्वारी सांडली. शेवंती मान वाकवून ती मातीतनं टिपू लागली.

“तीनशे किलो,” बजाबाई स्वतःशीच म्हणाली.

“मावशी, तुम्ही गैरसमज करून घेताय…”

“दावं बदललं न्हाय. येवार झाला न्हाय. टेम्पो काड हितनं.”

“इसार घेतलाय तुम्ही. मागं फिरायचं तर दुप्पट द्यावा लागतो.”

“कुमार, दे त्याला.”

कुमार मध्ये पडला. “आये, काय चाललंय? ते म्हनत्यात न्हवं गैरसमज हाय म्हनून? आन् समजा…” तो थांबला. मग हळू आवाजात, पण बोललाच, “समजा तसं आसलं तरी आपन काय करनार? मेंढरं न्हाई का दिली?”

बजाबाईनं मुलाकडं पाहिलं. शेवंतीच्या आजीच्या पाठीवर, पाटीत पाचव्या दिवशी बसवलेला मुलगा. “तू येगळ्या पाटीत हुतास,” ती म्हणाली. “कोकरांच्या न्हाय.”

कुमारनं इंद्रजीतला मोबाइलवरून दुप्पट पैसे दिले. टेम्पो रिकामा गेला. कुमारनं भरलेली पोती तशीच दारात ठेवली, मोटारसायकलला किक मारली. “ऱ्हा मग हितंच,” तो म्हणाला. “तुजी घोडी आन् तू. बाळतपनाला पूनमची आई यील.” मागं वळून पाहिलं नाही. बापासारखाच हट्टी, वळला असता तर थांबावं लागलं असतं.

बजाबाई दगडावर बसून राहिली. ऊन कलत होतं. आपण कुणाकुणाला शिव्या दिल्या ते तिला एकेक करून आठवायला लागलं. दात मोजणारा, पांढरी मागणारा, भोवऱ्याला भिणारा ऊसवाला. सगळे मेले खोट काढत होते, कारण त्यांना घोडी दारात उभी करायची होती. ज्याला उभी करायची नव्हती त्याला खोट दिसलीच नाही. भोवरा आहे तोवर ठेवणारा शिवणार नाही आणि कापणारा सोडणार नाही. एवढं सोपं गणित, आणि ते दुधनीच्या त्या पानखाऊनं जाता जाता सांगितलं होतं.

कागद अजून दगडाखाली होता.

“तिप्पण्णा का? मी बजाबाई. सांगोल्याची.”

“न बगणारा भेटला वाटतं,” तिप्पण्णा म्हणाला. या खेपेला तो हसला नाही.

“नवं दावं घिऊन या.” ती थोडी थांबली. “आन् ती सुई.”

तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. भाव त्यानं पहिल्यापेक्षाही कमी सांगितला आणि बजाबाईनं तो कबूल केला. तिनं फक्त विचारलं, “ठेवनाऱ्याच्याच दारात जाईल ह्याचा शबुद देता?”

“मी दलाल हाय अक्का, देव न्हाई. शब्द कसा देऊ?” तो चुलीत लांब लोखंडी सुईचं टोक खुपसत म्हणाला. “पण भोवरा गेल्यावर जो घेईल तो ठेवायला घेईल. डोळे उघडे ठिऊन घेईल. एवढंच माझ्या हातात.”

“मग द्या.”

“डोकं धरायला कुणी माणूस बोलवा. झटका देईल.”

“मानूस कशाला? माज्याशिवाय ती कुनाला डोस्कं देती?”

काठी भिंतीला टेकवून बजाबाईनं शेवंतीचं डोकं छातीशी घेतलं, कान मुठीत धरला, दुसरा तळवा उजव्या डोळ्यावर ठेवला. घोडी निमूट उभी राहिली. आठ वर्षांत या हातानं तिला कधी दुखवलं नव्हतं, म्हणून निमूट उभी राहिली. केस जळल्याचा वास आला. मग कातड्याचा. घोडीचं सगळं अंग एकदा थरारलं आणि तिनं बजाबाईच्या खांद्यात डोकं इतक्या जोरानं दाबलं की म्हातारी भिंतीवर आदळली, पण सोडलं नाही.

“झालं,” तिप्पण्णा म्हणाला. “चांगला बसलाय डाग.”

बजाबाईनं तोंड पुसलं. ज्वारी दिली, शेवंतीनं ती खाल्ली नाही. जुनं दावं सोडलं, नवं बांधू दिलं. तिप्पण्णा घोडीला घेऊन चालत निघाला. वळणावर शेवंती थांबली, मागं बघायला लागली, आणि त्यानं दावं ओढलं.

दुपारी कुमारचा फोन आला. राग उतरला नव्हता, पण आवाज खाली आला होता.

“तानामावशीचा फोन आलता. गेली म्हनं घोडी.”

“व्हय.”

“कुनी घेतली?”

“दावं घिऊन आला त्यानं.”

“भोवऱ्याचं सांगितलंस न्हवं? न्हाईतर उद्या भांडान यील.”

पिंपात दोन बादल्या पाणी तसंच होतं. बजाबाईच्या मुठीत जुनं दावं होतं आणि बोटांना अजून जळल्याचा वास येत होता.

“कसला भोवरा?” ती म्हणाली. “बिनखोडीची हुती घोडी. तू न्ह्यायला कवा येतुस ते सांग.”